नवसाची दाढी आणि मारुतीचा रेडिओ

मारुतीच्या सलूनमध्ये सकाळी कितीही झाडून घेतलं तरी दुपारपर्यंत कोपऱ्यात केसांचा ढीग होतोच. काळे, पांढरे, मेंदीनं लाल झालेले, सगळे एकात एक. आमच्या किश्शांचंही तसंच. कुणाचा कुठला ते नंतर ओळखू येत नाही, आणि झटकून टाकले तरी दोन-चार अंगाला चिकटून घरी येतातच! बायको विचारते, "कटिंग न करता दिवसभर काय करता तिथं?" आता तिला काय सांगायचं? माझ्या डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही हे तिला दिसतंच आहे.

सलून आमच्या जळकोटात, हायवेला लागून. आरशाच्या वर फळीवर लाकडी पेटीचा रेडिओ, मारुतीच्या वडलांच्या वेळचा. त्याला सेल घालायची सोय नाही. लाइट असेल तर बोलतो, लाइट गेली की मुका. शेजारच्या कोपऱ्यात टीव्ही. खाली बाकडं, आणि बाकड्यावर आम्ही तिघं.

एक मी. माझा जुना धंदा लाउडस्पीकरचा. लग्न असो, जत्रा असो, इलेक्शन असो, भोंगा माझाच. आता पोरं डीजे आणतात आणि माझ्या भोंग्यांत चिमण्या घरटी करतात. पण नाव राहिलं, भोंगेमामा. शाळेनं मला सातवीपर्यंत सहन केलं, पुढं तिचाही नाइलाज झाला.

दुसरे गुरुजी, रिटायर मास्तर. यांचा देवावर थोडा आणि रेडिओवर पूर्ण विश्वास. "छापलेलं खोटं असेल, पाहिलेलं खोटं असेल, पण रेडिओ खोटं बोलत नाही!" हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

तिसरे बिरुअण्णा. जन्म मेंढरांमागं गेला, आता कळप धाकटा लेक बघतो. मोठा एसटीत कंडक्टर. अण्णा रोज सकाळी मारुतीकडं दाढी घोटून घ्यायचे. गाल असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी! हे गाल लक्षात ठेवा.

* * *

त्या वर्षी आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. सकाळी सलूनमध्ये रेडिओ लागलेला. शेतीचा सल्ला चालला होता. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "शेतकरी बंधूंनी भाताच्या खाचरात पाण्याची पातळी कायम ठेवावी."

अण्णांनी साबण लावलेलं तोंड वर केलं. "गुरुजी, ही बाई कुठं बसून बोलती?"

गुरुजी म्हणाले, "हल्ली एकाच ठिकाणाहून सगळीकडं लावतात. सल्ला कोकणासाठी असेल. पण सल्ला बरोबर आहे!"

"बरोबर हाय की," अण्णा म्हणाले, "फकस्त खाचर आन् पानी तेवढं पाठवून द्या म्हनावं!"

* * *

गुरुजींचा विश्वास एवढ्यानं हलणारा नव्हता. तो हलवला शेजारच्या गावच्या तुकाराम पाटलांनी.

रेडिओवर फोन लावून तज्ज्ञांना प्रश्न विचारायचा कार्यक्रम. निवेदक दर पाच मिनिटांनी सांगणार, "हे थेट प्रक्षेपण आहे." गुरुजी आम्हाला समजावत होते, "थेट म्हणजे काय? तो माणूस आत्ता, या क्षणाला बोलतोय!"

तेवढ्यात रेडिओतून आवाज आला, "नमस्कार, मी तुकाराम पाटील बोलतोय. आमची तूर उभ्या उभ्या वाळायला लागलीय, काय फवारावं?"

मारुतीचा वस्तरा हवेत थांबला. "गुरुजी, ह्यांच्या दहाव्याला तर म्या सोता चार डोकी केली की वो!"

रेडिओतले तज्ज्ञ पाटलांना सांगत होते, "पुढच्या हंगामात काळजी घ्या."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अण्णा हळूच म्हणाले, "तिकडं बी तुरीचे हेच हाल हायत म्हनायचं!"

त्या दिवशी गुरुजी चहा न घेताच घरी गेले.

* * *

मारुतीचा देव वेगळा. त्याचा टीव्ही. गाण्याच्या एका स्पर्धेत आपल्या मराठवाड्यातला एक पोरगा शेवटच्या गड्यांत पोचला होता. मारुतीनं गिऱ्हाइकांना वेठीला धरलं. आधी मत, मग दाढी! ज्याला मोबाईलचं जमत नाही त्याचा मोबाईल मारुती स्वतः घेणार.

एका संध्याकाळी हायवेला गाडी थांबली. एक पाहुणा आला, खुर्चीत बसला. मारुतीनं टीव्हीवरची नजर न काढताच त्याच्या तोंडाला डोळ्यांपर्यंत फेस लावला आणि टीव्हीवर तो पोरगा आला. डेंजर झोनमध्ये! ढसाढसा रडत होता. निवेदिका ओरडत होती, "याला वाचवणं आता तुमच्या हातात!"

मारुतीनं ब्रश टाकला आणि मोबाईल उचलला.

पाहुणा म्हणाला, "काका, तेवढी दाढी उरकता का? लांब जायचंय."

"थांबा हो!" मारुती तापला. "पोराची जिंदगी पनाला लागलीय अन् तुमाला दाढीची पडलीय!"

मीही तोंड घातलं. "पाहुणं, तुमचा बी फोन काढा. एक मत तुमच्याकडनं!"

"मला नाही देता येत मत."

"का बरं?"

"ॲग्रीमेंटमध्ये आहे."

मारुतीनं टॉवेल घेतला आणि फेस पुसला. मग टीव्हीकडं बघितलं. मग परत खुर्चीकडं. तिकडं रडत होता तोच इकडं बसला होता!

"काका, मला काढून महिना झाला," पोरगा म्हणाला. "हे सगळं आधीच शूट केलेलं असतं. आता हैदराबादला एका लग्नात गायला निघालोय."

मारुती खुर्चीच्या दांड्याला धरून उभा राहिला. म्हणाला, "मग आमी देतोय ती मतं जात्यात कुठं?"

पोरगा म्हणाला, "काका, ते मलाही अजून कळलेलं नाही."

* * *

आता अण्णांच्या नातीकडं येतो. सविता, आमची सवी. तुळजापूरला नर्सिंग शिकते. तिची आजी सोनाबाई मेंढरांमागं हिंडताना जी गाणी म्हणायची, ती सगळी सवीच्या गळ्यात उतरलीत. पोरगी गायला लागली की मारुतीची कात्री आपोआप हळू होते. रेडिओ केंद्रात तिची चाचणी झाली, पास झाली, रेकॉर्डिंग झालं. रविवारी सकाळी अकराला गाणं लागणार!

अण्णा बाकड्यावर बसेचनात. "भोंग्या, समद्या गावाला ऐकू गेलं पायजे."

मी भोंग्यातल्या चिमण्या काढल्या. सलूनच्या पत्र्यावर भोंगा बांधला, रेडिओसमोर माइक ठेवला, ॲम्प्लिफायरला जीपची बॅटरी जोडली. माझं मशीन कायम बॅटरीवर. आमच्याकडच्या लाइटीचा भरवसा धरला असता तर निम्मी लग्नं मुकी लागली असती!

रस्त्यावर अर्धं गाव. सोनाआजी नवं लुगडं नेसून पुढं. अकरा वाजले. निवेदक म्हणाला, "आता ऐकूया..." आणि खरखर झाली. "काही अपरिहार्य कारणामुळं आपण थेट दिल्लीला जात आहोत."

दिल्लीला कसलंतरी उद्घाटन होतं. हिंदीतून सत्कार सुरू झाले. या मान्यवरांना पुष्पगुच्छ, त्या मान्यवरांना शाल. माझा भोंगा ती प्रत्येक शाल पार शिवारापर्यंत पोचवत होता!

सोनाआजी हात जोडून ऐकत होत्या. शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, आमच्या सवीचं गानं लागायच्या आदी केवढ्या केवढ्या मान्सांचा मान करायलेत!"

शेवटची शाल झाली आणि बातम्या लागल्या. गाणं गेलं ते गेलं.

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. अण्णा उठले, तुळजापूरच्या दिशेला तोंड केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आई भवानी, माज्या सवीचं गानं रेडिओतनं नायतर टीव्हीतनं अख्खं ऐकल्याबिगर ह्या गालाला वस्तरा लावनार न्हाय!"

मारुती पुटपुटला, "अण्णा, ह्यात माजी काय चूक?"

* * *

नवसानंतर पंधरा दिवसांनी केंद्रानं गाणं परत लावलं. लावलं म्हणजे काय, दीड ओळ लावली. सवीनं दुसऱ्या ओळीत आवाज चढवला आणि वरून बाजारभाव सुरू झाले. सोयाबीन, हरभरा, ज्वारी.

बाकड्यावर कोर्ट बसलं. दीड ओळीवर नवस फिटतो का?

मारुती वस्तरा परजून तयार होता. "फिटतो! आवाज आला, नाव आलं, आनखी काय पायजे?"

गुरुजींनी निकाल दिला, "नवसात 'अख्खं' हा शब्द आहे."

मी म्हणालो, "मोबाईलवर टाकू की गाणं. जग ऐकेल!"

अण्णा म्हणाले, "म्या आईला रेडिओ म्हनलंय, टीव्ही म्हनलंय. मोबाईल म्हनलेलो न्हाय."

आणि दाढी वाढायला लागली. आधी खुंट, मग कुंपण, मग रान! कळपातली कुत्री भुंकायला लागली. सोनाआजी म्हणाल्या, "कळपात बोकड काय कमी हुते, म्हनून घरात आनखी येक!" एसटीत मात्र अण्णांची चंगळ. कुणीतरी साधुमहाराज समजून उठून जागा देतं, बायका पाया पडतात. एकदा तर एकीनं पोराच्या लग्नाचं विचारलं. अण्णांनी विचार करून सांगितलं, "आदी त्याची कटिंग करून आन."

* * *

मग सवीची टीव्हीच्या स्पर्धेत निवड झाली. अण्णांच्या दाढीतून हसू बाहेर आलं! टीव्ही नवसात होताच.

पण टीव्हीवाल्यांना गाण्याआधी पोरीचा संघर्ष पाहिजे होता. शूटिंगला माणसं आली. त्यांची मुख्य म्हणजे एक ताई, गळ्यात हेडफोन. अण्णांचं स्लॅबचं घर, फरशीचा ओटा, दारातली मोटारसायकल बघून ताईंचं तोंडच उतरलं.

"आजोबा, जरा गरिबी कुठं मिळेल?"

अण्णांनी लांब बघितलं. "गावात हुती पूर्वी. आता इचारावं लागंल."

शेवटी मेंढरांच्या वाड्यात शूटिंग ठरलं. अण्णांची दाढी बघून ताई खूष. "ही ठेवा हं आजोबा, फार छान दुःखी दिसता!"

मग सवीच्या बापाला विचारलं, "तुमचा गाण्याला विरोध होता ना?" तो बिचारा कंडक्टर! ड्यूटी बदलून घेऊन पोरीला क्लासला सोडणारा. म्हणाला, "न्हाई बा."

"आईचा?" "न्हाई." "आजीचा?" सोनाआजी फसकन हसल्या. त्या हसल्या की डोळ्यांतून पाणी येतं, पदरानं डोळे पुसत बसल्या.

ताई रडकुंडीला आल्या. "अहो, कुणाचाच विरोध नसेल तर एपिसोड उभा कसा राहणार?"

मला बाईमाणसाचं दुःख बघवत नाही. मी पुढं झालो. "विरोध आहे की! माझा!"

टोपी तिरकी केली, हातात मेंढक्याची काठी घेतली आणि कॅमेऱ्यासमोर गरजलो, "ह्या गावात गानंबिनं चालनार न्हाय! पोरगी गायली तर गाठ माझ्याशी हाय!" उभा जन्म ज्यानं गावाला गाणी ऐकवली, तो मी!

ताई म्हणाल्या, "काका, अजून थोडा राग!"

दुसऱ्या वेळी मी असा ओरडलो की कळपातली दोन मेंढरं पळाली. मागून गुरुजी म्हणाले, "एवढी मेहनत शाळेत केली असती तर!"

* * *

एपिसोड लागला त्या दिवशी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा आंघोळ करून खुर्चीत बसले होते. मारुतीनं वस्तऱ्याला नवं पातं लावून ठेवलं होतं. गाणं संपलं की दाढी!

पडद्यावर आधी अण्णांची दाढी आली. जवळून. मागं सनई रडत होती. मग सोनाआजी पदरानं डोळे पुसताना आल्या. हसून हसून पुसत होत्या, टीव्हीवर ते रडणं झालं! आणि मग मी. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तर सावकाश! माझी काठी हळूहळू वर जाते, तोंड हळूहळू उघडतं आणि ढगांचा गडगडाट होतो!

सलूनमध्ये टाळ्या पडल्या. मी उठून नमस्कार केला.

मग सवी स्टेजवर आली. पहिली ओळ गायली. लगेच परीक्षकांचे डोळे, मग परत माझी काठी, मग साबणाची जाहिरात. जाहिरात संपली तेव्हा सवी डोळे पुसत होती आणि निवेदिका म्हणत होती, "दुर्दैवानं सविताचा प्रवास इथंच थांबतोय."

अण्णांनी गळ्याभोवतीचं कापड स्वतः सोडलं, घडी करून मारुतीच्या हातात दिलं आणि गेले.

* * *

मी मात्र फेमस झालो. मुरुमच्या बाजारात कांदे घ्यायला गेलो तर बाईनं तराजू खाली ठेवला.

"तूच न्हवं का त्यो? पोरीचं गानं बंद पाडनारा?"

म्हटलं, "अहो बाई, ते टीव्हीपुरतं."

"मुडद्या, टीव्हीत बी खोटं अन् बाजारात बी खोटं! चल हो तिकडं!"

आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. कांदे न घेता परत आलो. घरी बायको म्हणाली, "बरं झालं! लगीन झाल्यापास्नं मी जे सांगतीय ते आता लोकांनाबी पटलं."

* * *

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण एक दिवस सवी सलूनमध्ये आली. अण्णा नव्हते. गुरुजी पेपर वाचत होते, मारुती पाती बदलत होता.

"मामा," ती मला म्हणाली, "मी गाणं सोडलं."

"का गं?"

"गायला तोंड उघडलं की आजोबांची दाढी दिसते. माझ्यापायी माणूस एसटीत लोकांना आशीर्वाद देत फिरतोय. गळाच बसतो माझा. त्यांना म्हटलं काढून टाका, तर म्हणतात आईला दिलेला शब्द आहे."

मी वर रेडिओकडं बघितलं. म्हटलं, "गुरुजी, नवसाचे शब्द काय होते हो? 'रेडिओतनं' का 'केंद्रातनं'?"

गुरुजींनी पेपर खाली घेतला. माझ्याकडं बघितलं. रेडिओकडं बघितलं. "रेडिओतनं," ते सावकाश म्हणाले. "केंद्राचा उल्लेख नवसात नाही."

"मग निवेदन तुम्ही करायचं."

"मी?" गुरुजी ताडकन उठले. "रेडिओवरून खोटं बोलू? भोंगे, हे माझ्याच्यानं होणार नाही!"

सवी त्यांच्याकडं नुसती बघत राहिली.

गुरुजी परत बसले. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "'श्रोतेहो' म्हणायचं, का 'श्रोतेहो नमस्कार' म्हणायचं?"

मी रेडिओची पाठ उघडली. त्याचा काट्यामागचा दिवा तेवढा लाइटीच्या वायरवर ठेवला आणि आतल्या स्पीकरला माझ्या बॅटरीवरच्या ॲम्प्लिफायरची वायर जोडली. मागच्या पडद्याआड मारुती टॉवेल वाळत घालतो, तिथं सवी, गुरुजी, माइक, मी आणि जीपची बॅटरी. सवी आधी नाहीच म्हणत होती. मी म्हटलं, "पोरी, तुला दाढी दिसणारच नाही. मध्ये पडदा आहे!"

रविवारी मारुतीनं अण्णांना निरोप धाडला, केंद्रानं चूक मान्य केलीय, गाणं परत लागणार. अण्णा आले. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो.

"गुरुजी कुठं हायत?"

"पोट दुखतंय म्हनले," मारुती म्हणाला.

"आन् भोंग्या?"

"त्यो... त्येंच्यासंगं."

"दोघांचं येकदमच?" अण्णा म्हणाले आणि खुर्चीत बसले. मारुतीनं कापड गुंडाळलं, रेडिओ लावला, दिवा पिवळा झाला. नवस वस्तऱ्याचा होता, साबणाचा नव्हता, म्हणून त्यानं तोवर त्या रानात फेस माखायला घेतला.

"श्रोतेहो, नमस्कार!" गुरुजींचा आवाज असा लागला की मीच दचकलो. "आता ऐकूया जळकोटच्या सविता यांच्या आवाजात त्यांच्या आजीकडून आलेलं गाणं."

अण्णांची एक भुवई फेसातून वर गेली. मग त्यांनी डोळे मिटले.

सवी गायला लागली. पहिली ओळ थरथरली, दुसरी सरळ झाली. टीव्हीनं साबण विकला ती जागा पार झाली. टीव्हीनं साबण विकला ती जागा पार झाली. पोरगी आता खुल्या गळ्यानं गात होती.

आणि लाइट गेली.

वरचा पंखा घरघरत थांबला. टीव्हीचा लाल ठिपका विझला. रेडिओचा दिवाही विझला. सवीला आत काय कळणार? ती गातच होती, आणि मुका रेडिओ पेटी भरून गात होता! मारुतीनं हातातला ब्रश छातीशी धरला. मी हात वर करून गुरुजींना खुणावलं, पण गुरुजी डोळे मिटून बसलेले. गाणं शेवटापर्यंत गेलं, संपलं, आणि गुरुजी अगदी सावकाश, शुद्ध भाषेत म्हणाले, "आपण ऐकत होता जळकोटच्या सविता यांचं गाणं. आमची ही सभा इथं समाप्त झाली."



अण्णांनी डोळे उघडले. थांबलेला पंखा बघितला. विझलेला रेडिओ बघितला. पडद्याखालून दिसणारे आमचे सहा पाय बघितले. मग आरशात बघत म्हणाले,

"मारुती, लाइट गेली तरी रेडिओ थांबला न्हाय. तुझा वस्तरा कशाला थांबलाय?"